होडीखालची हवा

होडी उलटी झाली आणि कोमलचं डोकं वर आलं नाही.

मोबाईलच्या काचेवर होडीचं पांढरं पोट दिसत होतं, मेलेल्या माशाचं दिसतं तसं. बाकीच्या होड्या तिच्या बाजूनं निघून गेल्या. कॅमेराही त्यांच्यामागं पुढं सरकला आणि ते पांढरं पोट काचेच्या कडेला जाऊन थांबलं. थांबलं म्हणजे चित्रच थांबलं. मधोमध एक चकती गरागरा फिरायला लागली. बर्फाचा टेम्पो घेऊन येणाऱ्या शब्बीरनं आपला मोबाईल उचलून डोक्याच्या वर धरला, मग टेम्पोच्या टपावर ठेवून बघितला. चकती फिरतच राहिली.

तेवढ्यात त्याच मोबाईलवर दत्तूचा फोन आला. दत्तू माझा मुलगा, कोमलचा बाप. तो नागापूरच्या एमआयडीसीत कामाला आहे. कारखान्याच्या गेटाबाहेर उभा राहून तोही हीच शर्यत बघत होता.

"आई, कोमल कुठंय? दिसना."

"होडीखाली हाय."

"होडीखाली कशी काय? वर का येईना?"

"मीच शिकवलंय तिला तसं."

त्याच्या मागं कुठलंतरी मशीन ठोके टाकत होतं, तेवढं ऐकू येत होतं. मग फोन बंद झाला. त्यानं केला की आपोआप झाला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

यंदाही पाणी उतरायला लागलं आहे, म्हणून हे सगळं वर आलं.

आमचं गाव नेवासे तालुक्यात, जायकवाडीच्या फुगवट्याच्या काठाला. वैशाख लागला की पाणी रोज थोडं थोडं मागं सरकतं. आज जिथं होडी बांधली तिथं आठ दिवसांनी चिखल असतो, आणखी आठ दिवसांनी त्या चिखलाच्या खापऱ्या होतात. खापऱ्यांवरून अनवाणी चाललं की कडा पायाला लागतात. त्यात शिंपले, जाळ्याचे तुटके तुकडे, कुणाची तरी चप्पल. वासही येतो. शहरातले पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला तो वास आला की कळतं, आता मासे कमी पाण्यात गोळा होतील आणि जाळं जड येईल. उघड्या पडलेल्या गाळात लोक काकड्या आणि टरबुजं लावतात. ती टरबुजं गोड असतात, पण शेंड्याला किंचित गाळाची चव लागतेच. मला ती आवडते.

दुपारी तीननंतर पैठणच्या बाजूनं वारा सुटतो. आधी पाण्यावर काळसर पट्टा दिसतो, मग तो पट्टा आपल्याकडं धावत येतो. तो दिसला की वल्हं मारायचं आणि काठ गाठायचा. ज्यांना तो दिसत नाही किंवा दिसूनही जे आणखी एक जाळं ओढू म्हणतात, त्यांचे फोटो मग घराच्या भिंतीवर लागतात.

मी भोयाच्या घरात जन्मले आणि भोयाच्याच घरात दिली. चौथीपर्यंत शिकले. वाचता येतं, लिहिता येतं, बाकी जे येतं ते पाण्यावरचं. दत्तूला पाणी नको होतं. तो नागापूरला गेला, तिथंच लग्न केलं, बायकोही कारखान्यात लागली. दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या, खोली एवढीशी. कोमल चार वर्षांची झाली तेव्हा त्यानं तिला माझ्याकडं आणून सोडलं. म्हणाला, सहा महिन्यांनी नेतो. नेली तेव्हा ती सातवी पास झाली होती, आणि नेली ती नागापूरला नाही.

नाव कोमल, पण पोरगी तशी नव्हती. हाताला घट्टे, खांदे रुंद, आवाज काठावरून पलीकडं पोचेल असा. पाचव्या वर्षी ती चप्पूवर बसली. थर्माकोलचे तुकडे जुन्या जाळ्यात घट्ट बांधले की चप्पू होतो. त्यावर मांडी घालून बसता येत नाही, लोळतो. एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय पुढं रोवायचा आणि एकाच बाजूनं वल्हं मारायचं. मी जाळं नेहमी उजवीकडून टाकते, म्हणून ती माझ्यापुढं बसून डावीकडून वल्हवायची. तिला कुणी हे शिकवलं नाही. जागाच तेवढी होती.

पुढं मला कळलं की जगात याच बैठकीची शर्यत असते. शर्यतीच्या होड्या दोन तऱ्हेच्या. एक कयाक. तिच्यात बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं दोन्हीकडं मारायचं. दुसरी कॅनो. तिच्यात एका गुडघ्यावर राहून एकाच बाजूनं मारायचं. कोमलच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिला चप्पूवर बघितलं आणि कुठंतरी फोन केला. त्या फोनवरून एक मॅडम आल्या. काठावर उभ्या राहून त्यांनी कोमलला दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि मला म्हणाल्या, "आजी, बाकीच्या मुलींना हा गुडघा टेकायला शिकवण्यात आमचं वर्ष जातं."

मी म्हटलं, "मग तिला एक वर्ष कमी ठेवा."

त्या हसल्या. मी हसण्यासाठी बोलले नव्हते. पोरीला सरावासाठी भोपाळच्या तलावावर नेणार होते, किती दिवस ते कुणी सांगत नव्हतं.

मी तिला जे मुद्दाम शिकवलं ते एवढंच: होडी उलटली तर होडी सोडायची नाही. पोहत काठाकडं निघायचं नाही. डोकं बाहेर ठेवून लाटा खायच्या नाहीत. सरळ होडीखाली शिरायचं, आतल्या आडव्या फळीला धरायचं आणि वारा बसेपर्यंत तिथंच राहायचं. आत हवा असते.

हे तोंडानं सांगून भागत नाही. कमरेएवढ्या पाण्यात मी पत्र्याची होडी उलटी करायची आणि कोमलला मानेला धरून आत ढकलायची. पहिल्यांदा ती रडत बाहेर आली. मी परत ढकलली. नंतर तिला ते घर वाटायला लागलं. आत बसून ती पाढे म्हणायची. पंधराचा पाढा तिचा होडीखालीच पाठ झाला. मी बाहेरून पत्र्यावर थाप मारायची आणि ती आतून मारायची. काठावरच्या बाया म्हणायच्या, "अगं म्हातारे, पोर हाय का खेकडा?" मी म्हणायचे, "खेकडा बुडून मेलेला बघितलाय का कुनी?"

हे मी कुठून शिकले तेही सांगते. दत्तू माझ्या पोटात होता, पाचवा महिना. असाच वैशाख. होडीत मी, माझी जाऊ पारू आणि आमचे सासरे. पाण्याखाली गेलेल्या एका जुन्या बाभळीत जाळं अडकलं. सासरे ते सोडवत होते. काळा पट्टा तिघांनाही दिसला होता. पण जाळं नवं होतं.

वाऱ्याचा धक्का बसला तेव्हा आम्ही तिघंही एकाच अंगाला वाकलेलो होतो. होडी फिरली. सासरे ओरडले, "होडी सोडू नका! आत शिरा!" मी पोहायला कच्ची होते, म्हणून ऐकलं. पारू माझ्यापेक्षा चांगली पोहायची. काठ जवळ दिसत होता. वाऱ्यात काठ नेहमी जवळच दिसतो. ती म्हणाली, "मी माणसं घेऊन येते," आणि निघाली.

आत अंधार नव्हता, हिरवा उजेड होता. डांबराचा वास येत होता. बाहेरचा वारा आत ऐकू येत नाही. स्वतःचा श्वास मात्र इतका मोठा ऐकू येतो की दुसरंच कुणी शेजारी आहे असं वाटतं. मी फळी धरून राहिले. सासरे बाहेरून होडीला लटकलेले, त्यांच्या बोटांची टोकं मला दिसत होती. किती वेळ गेला ते माहीत नाही. माणसं आली ती पारूनं आणलेली नव्हती. पारू तिसऱ्या दिवशी सापडली.

त्यानंतर मी जिवंत आहे आणि दत्तू जन्मला, एवढ्यावरून मी नियम केला. एक होडी, एक वारा, एक दिवस. तेवढ्यावर मी पुढची सगळी वर्षं बोलत राहिले. कुणी विचारलं नाही की आजी, दुसऱ्या होडीत काय होईल.

विचारायला पाहिजे होतं ते मीच. भोपाळला दत्तूबरोबर एकदा गेले होते. मॅडमनी मला कोमलची होडी दाखवली. दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेली, लांबलचक, पांढरी. मी टिचकी मारली तर सुकलेल्या दुधी भोपळ्यासारखी वाजली. दोघींनी उचलली तर सहज उचलली गेली. मी रुंदी बघितली. म्हटलं, "ही होडी हाय का म्यान?" कोमल म्हणाली, "आजे, पयल्या दिवशी मी अकरा वेळा पडले." तिला त्याचा अभिमान होता.

आमच्यात होडीत पाय ठेवायच्या आधी ती उलटी करून आतून बाहेरून बघतात. दुसऱ्याची असली तरी बघतात. त्यात कुणाला राग येत नाही. त्या दिवशी मी बघितलं नाही. इतकी गुळगुळीत वस्तू, हाताला माशाचा वास, म्हटलं डाग पडेल. हात घालून पोट किती खोल आहे एवढं बघितलं असतं तरी कळलं असतं.

गेल्या वैशाखात ती परदेशी शर्यतीला गेली. युरोपातला कुठलातरी देश. तिकडं तेव्हा आपल्या पौषापेक्षा जास्त थंडी होती. तिनं फोनवर सांगितलं की तलावाच्या पाण्यात बोट घातलं तर दुखतं. मी म्हटलं, "मग घालू नको." ती म्हणाली, "आजे, तू पन ना."

शर्यत आपल्याकडं दुपारी दिसणार होती. शब्बीर नेवाशाहून रोज बर्फ घेऊन येतो आणि आमचे मासे घेऊन जातो. त्याच्याकडं मोठ्या काचेचा मोबाईल आहे. त्यानं तो बर्फाच्या पेटीवर एका मरळ माशाला टेकवून उभा केला. सात-आठ जण जमले. नऊ होड्या रांगेत उभ्या. पाचव्या होडीत कोमल, कपाळाला पट्टी बांधलेली.

"नानी," शब्बीर म्हणाला, "एवढ्या जोरात वल्हवून जायचं कुठं?"

"पाचशे मीटर."

"आन् तिथं काय हाय?"

"रेघ."

"रेघंसाठी एवढं?"

"तू बर्फ विकतोस, सांजच्याला त्याचं पानी हुतं. तुला कुनी विचारतं का?"

लोक हसले. शब्बीरही हसला. तिकडं फटाका वाजल्यासारखा आवाज झाला आणि होड्या सुटल्या.

मी कोमलच्या खांद्याकडं बघत होते. ती चांगली चालली होती. पुढं तीन होड्या होत्या, मग दोन राहिल्या. पाण्यावर वारा होता, आडवा. तिच्या डाव्या अंगाला काळा पट्टा मला दिसला. छोट्या काचेवरसुद्धा दिसला. मी म्हटलं, "आला." शब्बीर म्हणाला, "कोन आला?" तेवढ्यात तिचं वल्हं पाण्यात जायच्या ऐवजी पाण्यावरून घसरलं आणि होडी डावीकडं फिरली. मुद्दाम कुणी कूस बदलावी इतक्या हळू फिरली.

मग ते पांढरं पोट आणि फिरणारी चकती.

काठावर एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणालं मोटारबोट असतेच. कुणी म्हणालं जाकीट असेल. जाकीट नव्हतं, एवढ्या मोठ्या शर्यतीत घालत नाहीत. शब्बीर मोबाईल घेऊन गाळातून नेटवर्क शोधत पळत होता, त्याच्या चपला खापऱ्यांत अडकत होत्या. मला एकटीला माहीत होतं ती कुठं आहे. तिथल्या मोटारबोटीतल्या माणसाला माहीत नव्हतं. तो बाहेर डोकं शोधत असणार, आणि ती आत वाट बघत असणार. त्याला सांगायचं कसं? त्याची भाषा मला येत नाही आणि माझा आवाज तिथं जात नाही.

मी पाटीतल्या चिलापी साफ करायला घेतल्या. एक बाई म्हणाली, "तुझं काळीज हाय का दगुड?" मी खवले काढत राहिले. हात मोकळे ठेवले असते तर काय केलं असतं ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या माशाला बोट कापलं. बर्फ लावून परत बसले.

दत्तूचा फोन पुन्हा आला. मॅडमचा मोबाईल लागत नव्हता.

"आई, तू असं का शिकवलंस?"

"तू त्याच्यामुळंच हायस."

"मला माहितीय मी कशामुळं हाय!" तो ओरडला. एवढ्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला. "ती होडी तसली न्हाई!"

"ते मला आत्ता कळलं."

नऊ चिलापी झाल्या. ऊन टेम्पोच्या चाकापर्यंत आलं. तेव्हा दत्तूचा तिसरा फोन आला आणि तो नुसता रडत होता. मी विचारलं, "कंच्या बाजूनं रडतोस ते सांग." तो म्हणाला, "हाय. हाय ती. मॅडमशी बोललो."

नंतर मला कुणीतरी सांगितलं की मोबाईलवर दिसतं ते जरा उशिरा दिसतं. तिकडं होऊन गेलेलं इकडं मागून येतं. म्हणजे आम्ही त्या चकतीकडं बघत होतो तेव्हा ती कदाचित घोंगडीत बसून काहीतरी गरम पीत असेल. हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. उलट वाईट वाटलं. ती खाली होती तेव्हा आम्ही शब्बीरच्या बर्फावर हसत होतो, असाच त्याचा अर्थ.

त्या संध्याकाळी कोमलचा फोन आला. आवाज घोगरा. पाणी प्यायली होती.

"आजे, आत हवा नव्हती गं."

"अजिबात?"

"वीतभर. तोंड वर केलं की नाक लागायचं. अन् होडी हलली की पानी आत. थंडीनं श्वासच घेता येईना."

"मॅडमनी काय शिकवलं हुतं?"

"पडलं की वर यायचं. भोपाळला तसंच करायची मी. पन तितं पानी गप असतं. इतं लाटा तोंडावर आल्या अन् मी सरळ आत घुसले. इचार केलाच न्हाई."

"मग?"

"मग धरून बसले. आपली फळी न्हाई तिच्यात, कडंलाच धरलं. म्हटलं वारा बसंल. मग छातीत दुखाया लागलं."

"मग?"

"सोडली होडी."

मग ती म्हणाली, "तू म्हनली हुतीस सोडायची न्हाई."

"म्हनले हुते."

"रागावलीस?"

"मी का रागवू? तूच रागव."

ती हसली, मग खोकली, मग फोन मॅडमनी घेतला. त्यांना वाटत होतं मी त्यांना बोलेन. म्हणाल्या, "आजी, आमचं लक्ष होतं, मोटारबोट पोचलीच होती." मी त्यांना सांगितलं की चूक त्यांची नाही, माझी आहे, आणि कशी ते सांगितलं. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. "हे आम्हाला कुठल्याच मुलीनं कधी सांगितलं नव्हतं," म्हणाल्या. कशाला सांगतील? ज्याला आपण नियम समजतो ते कुणी बोलून दाखवत नाही.

दिवाळीला ती आली होती. माझी पत्र्याची होडी कमरेएवढ्या पाण्यात ओढून नेली, उलटी केली आणि आत शिरली. मी काठावर उभी. बराच वेळ आली नाही. मग बाहेर येऊन केस पिळत म्हणाली, "हिच्यात हाय हवा." मी म्हटलं, "हाय तर." तेवढंच बोलणं झालं. रात्री तिनं मरळीचं कालवण केलं. तिखट जास्त पडलं होतं, तरी दोघींनी खाल्लं.

यंदा गाळ गेल्या वेळेपेक्षा आधी उघडा पडला आहे. टरबुजं लागली आहेत. ती पुन्हा परदेशी जायची आहे, याच महिन्यात. दत्तूनं मला सांगितलं, "आई, तू सांग तिला जाऊ नको म्हणून. तुझं ऐकती ती." मी म्हटलं, "म्हनूनच सांगत न्हाई." तो दोन दिवस बोलला नाही, मग बोलायला लागला. कोमलनंही परवा फोन केला. "काय सांगायचंय का, आजे?" मी म्हटलं, "न्हाई." ती म्हणाली, "कायच न्हाई?" मी विचार केला, पण सांगण्यासारखं खरंच काही आठवलं नाही. पाणी तिचं वेगळं, होडी वेगळी. मी तिला काकड्यांना बहर चांगला आलाय एवढं सांगितलं.

शब्बीर विचारत होता, मोबाईल लावू का त्या दिवशी. म्हटलं, लाव.

गेल्या वैशाखातल्या त्या शर्यतीत नऊ पोरी पाण्यात उतरल्या होत्या. आठ जणींनी रेघ गाठली, त्यातली कोण पहिली आली ते मला माहीत नाही. नववी कोमल. तिनं माझं ऐकलं नाही, होडी सोडली आणि पलीकडच्या अंगाला वर आली. ती जगली.